उजवीकडचं दीड बोट

बसलिंगाप्पा आणि गणपती यांची पहिली भेट झाली तेव्हा रंकाळ्याचं पाणी हातभर वर चढलं, पन्हाळ्याच्या बुरुजाचे दोन दगड आपणहून खाली आले आणि कसबा बावड्यातली झाडून सगळी कुत्री शेपूट घालून गडमुडशिंगीच्या दिशेनं पळाली, असं बावड्यात सांगतात. सांगणाऱ्यांत बसलिंगाप्पा स्वतः पहिला असल्यामुळे त्यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं असं, की साल त्र्याण्णव होतं, लाईट गेली होती, आणि बसलिंगाप्पाच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर एक अनोळखी इसम ज्वारीच्या डब्यावर बसून पुस्तक वाचत होता.

डब्यावर बसणं हा त्या गिरणीत गुन्हा होता. डब्यात अन्न असतं, अन्नावर बूड टेकायचं नसतं. बसलिंगाप्पाचा आवाज मुळातच मोठा. त्यात वीस वर्षं जात्याच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांशी बोलून तो असा तयार झाला होता, की त्यानं घरात मीठ मागितलं तर शेजारच्या दोन घरांतून वाट्या यायच्या. त्या आवाजात तो गरजला, "ओ पावणं! डबा हाय का खुर्ची?"

पावण्यानं मान वर केली नाही. नुसता हात वर केला. "जरा थांबा. फाशी द्यायला लागल्यात."

"कुणाला?"

"त्येच बघायलोय न्हवं."

बसलिंगाप्पा थांबला. लाईटशिवाय दुसऱ्या कुणासाठी तो आयुष्यात पहिल्यांदाच थांबला होता. मग त्याला अन्याय जाणवला. "माझ्या ओट्यावर बसून एकट्यानंच फाशी बघताय व्हय? मोठ्यानं वाचा की!"

गणपतीनं मोठ्यानं वाचलं. फाशी टळली. तेवढ्यात लाईट आली, पण गिरणी काही सुरू झाली नाही. ओट्यावर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका ओरडायला लागल्या, तसा बसलिंगाप्पा पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "बायांनो, पीठ काय पळून जातंय? मानूस आत्ता कुठं फासावरनं उतरलाय, त्येला घरापतोर तर जाऊ द्या!"

तेव्हापासून लाईट गेली की गणपती वाचायचा आणि बावडा ऐकायचा. सुरुवातीला लाईट लहर लागेल तशी जायची. पुढं लोडशेडिंग आलं आणि ती वेळापत्रकानं जायला लागली, तेव्हा बसलिंगाप्पाला फार बरं वाटलं. इतरांच्या दृष्टीनं सरकारनं वीज तोडली होती, बसलिंगाप्पाच्या दृष्टीनं वाचनाची वेळ ठरवून दिली होती. दुपारी चारला मोटार थांबायची, पिठाचा धुरळा खाली बसायचा, डबे रांगेत लागायचे आणि डबेवाले ओट्यावर. काहीजणांकडं दळणच नसायचं. ते रिकामा डबा घेऊन यायचे, दाखवायला कारण म्हणून.

बसलिंगाप्पाला मराठी वाचता येत नव्हतं असं नाही. पण त्याची चार यत्ता शाळा निपाणीच्या पलीकडं, कानडीत झालेली. मराठी बोलायचा फर्डं, वाचायचा मात्र बैलगाडीच्या चालीनं. बसवरचं नाव वाचून होईपर्यंत बस साखर कारखाना ओलांडून गेलेली असायची. आकडे मात्र कुठल्याही लिपीतले असोत, तो एका नजरेत वाचायचा. कादंबरीसारखी गोष्ट त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच मिळणार होती, आणि ते तोंड गणपतीचं होतं.

गणपती कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. त्याच्या बापानं छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर पोटाला चिमटा घेऊन पोराला शाळेत बसवलेलं. त्यामुळे छापील अक्षराला दगा देणं म्हणजे बापाला दगा देणं, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं ओट्यावर जाहीर केलं होतं, "अप्पा, मी पुढचं आधी वाचून येणार न्हाय. तुमच्यासंगंच पयल्यांदा वाचणार. आणि छापलंय तेवढंच वाचणार. एक शब्द घरचा न्हाय."

"घरचा आहेर कराय हिथं काय मुंज हाय?" बसलिंगाप्पा म्हणाला, पण मनातून खूश झाला. पिठात भेसळ न करणारा माणूस तो. गोष्टीत भेसळ न करणारा माणूस त्याला मिळाला होता.

मजकूर गणपतीचा, तशी पुस्तकाची मापं बसलिंगाप्पाची. नवं पुस्तक आलं की तो ते आधी पिठाच्या तराजूत टाकायचा. अर्ध्या किलोच्या आत असेल तर परत. "ह्यो नाष्टा झाला. जेवाण आण." मग जाडीवर बोटं ठेवायचा. चार बोटी पुस्तक म्हणजे उत्तम, तीन बोटी म्हणजे चालतंय. आणि वाचन सुरू झालं की त्याची नजर गणपतीच्या तोंडावर नसायची, पुस्तकाच्या उजव्या बाजूवर असायची. डावीकडं झालेलं, उजवीकडं राहिलेलं. गोष्टीत नायिका कड्यावरून पडली आणि तानाबाईनं, म्हणजे ओट्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात हळव्या श्रोतीनं, पदर डोळ्याला लावला, की बसलिंगाप्पा उजवीकडं बोटं लावून सांगायचा, "तानाबाई, रडू नगा. अजून दीड बोट हाय. दीड बोट असताना कोण मरत न्हाय."

आणि खरंच कोणी मरायचं नाही. झाडाला लटकून वर यायचं. ओट्यावरच्या लोकांना गणपतीच्या आवाजापेक्षा बसलिंगाप्पाच्या बोटांचा जास्त आधार होता. एक बोट उरलं की तो समाप्तीचा वार जाहीर करायचा. पोथीचं पारायण संपताना प्रसाद असतो, मग चार बोटी कादंबरीनं काय घोडं मारलंय? त्या दिवशी त्याची बायको रुद्राणी खपली गव्हाची हुग्गी करायची, भरपूर गूळ घालून, आणि पुस्तकाचं शेवटचं पान आणि हुग्गीचा पहिला घास यांत फार अंतर पडू नये अशी व्यवस्था बसलिंगाप्पा बोटांच्या जोरावर करायचा. सोळा वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

या सोळा वर्षांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. अठ्ठ्याण्णव साली बसलिंगाप्पाचा बाप गेला. तेराव्यानंतर गिरणी उघडली तेव्हा चालू पुस्तकात एक म्हातारा धनगर आजारी होता. उजवीकडं अर्धं बोट उरलं होतं, आणि अर्ध्या बोटाचा अर्थ बसलिंगाप्पापेक्षा जास्त कुणाला ठाऊक! त्यानं गणपतीला बाजूला, जात्यामागं नेलं. त्याचा तो आवाज, शेजारच्या घरांतून वाट्या आणणारा, त्या दिवशी गणपतीलासुद्धा कान देऊन ऐकावा लागला.

"गणपा, त्यो म्हातारा मरणार दिसतोय."

"दिसतंय खरं."

"जगव की. तुज्या हातात हाय. कुणाला कळणार न्हाय."

गणपतीनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "अप्पा, छापलंय ते छापलंय. आज म्हातारा जगवला तर उद्या मी वाचलेलं तुमी खरं कसं मानणार?"

म्हातारा मेला. बसलिंगाप्पा ओट्यावर उघड रडला, गोष्टीतल्या म्हाताऱ्यासाठी आणि दुसऱ्यासाठीही. पण त्या दिवसापासून तो लोकांना सांगत सुटला, "मानूस बघा कसा हाय! मी सोता गेलो, पाया पडायचा तेवढा ऱ्हायलो, पर एक शब्द हलवला न्हाय. तराजू हाय तराजू!"

दोन हजार नऊच्या दिवाळीत शशिधर अमेरिकेहून आला. शशिधर हा बसलिंगाप्पाचा मुलगा, संगणकातला. त्यानं बापासाठी एक राखाडी पाटी आणली. पाटीच म्हणत सगळे तिला. आत पुस्तकं असतात, असं शशिधरनं सांगितलं. मराठीतलं तिच्यात काही मिळत नव्हतं, म्हणून त्यानं शाहूपुरीतल्या एका दुकानात एका जुन्या कादंबरीच्या पानांचे फोटो काढून घेतले होते आणि ते आत भरले होते. आणखी काहीबाही सांगितलं, पण बसलिंगाप्पा तोवर पाटी तराजूत टाकायला गेला होता.

"शशी, ही रिकामी हाय तवा किती भरती, आणि पुस्तक घातल्यावर किती?"

"अप्पा, वजन बदलत न्हाय."

"आणि हजार पुस्तकं घातली तर?"

"तरी तेवढंच."

बसलिंगाप्पानं पाटी उलटी करून बघितली, हलवून बघितली, बोटं लावली. अर्धं बोटसुद्धा भरेना. डावी बाजू नाही, उजवी नाही. झालेलं आणि राहिलेलं एकाच जागी. "आरं, मग मानूस कुठंवर आलाय ह्ये कळायचं कसं?"

शशिधरनं खाली बोट दाखवलं. तिथं बारीक आकडा होता. शंभरातले किती झाले ते.

आकडा! बसलिंगाप्पाचा चेहरा उजळला. त्याच्या बोटांत कधी कधी पान-दोन पानांची चूकभूल व्हायची, कागद जाड-बारीक असायचा. इथं तर नक्की मोजून दिलं होतं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना शंभरात कळेना, म्हणून त्यानं त्याचे आणे केले. पन्नास म्हणजे आठ आणे, पंच्याहत्तर म्हणजे बारा, शंभर म्हणजे सोळा आणे पुस्तक. आणि गणपतीच्या शेजारी चष्मा लावून बसायला लागला. गणपती पान वाचायचा, बटण दाबायचा, आणि बसलिंगाप्पा शेअर बाजारासारखा भाव जाहीर करायचा, "चार आणे झालं! बारा ऱ्हायलं!"

गोष्ट चंद्रा नावाच्या बाईची होती. लहानपणी जत्रेत हरवलेल्या भावाला शोधत ती गावोगाव फिरत असते. भावाच्या मानेवर भाजल्याचा डाग, एवढीच खूण. बावडा वेडा झाला. तानाबाई वाटेत दिसेल त्या पुरुषाची मान बघायला लागली. नऊ आणे झाल्यावर बसलिंगाप्पानं हिशेब केला आणि पुढच्या रविवारची हुग्गी जाहीर करून टाकली. निपाणीच्या पाहुण्यांनाही आवतण गेलं.

मग आला तो मंगळवार. चंद्रा मिरजेच्या फलाटावर उभी होती. पुढं एक माणूस पाठमोरा. सदऱ्याच्या कॉलरमधून मानेवरचा डाग दिसतोय. गाडीनं शिट्टी दिली. चंद्रानं हाक मारायला तोंड उघडलं...

आणि गणपती थांबला.

त्यानं बटण दाबलं. पाटीकडं बघितलं. मागचं बटण दाबलं, परत पुढचं दाबलं. पाणी मागितलं. पाणी पिताना त्याचे डोळे पाटीवरच होते.

"वाच की!" तानाबाई ओरडली. "बाईचं तोंड उघडं ठेवून पानी काय पितोस?"

"किती झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

बसलिंगाप्पानं वाकून आकडा बघितला. एकोणसत्तर. "अकरा आणे! पाच आणे ऱ्हायलं. घाबरू नगा, पाच आण्यांत लई मजा हाय अजून!"

गणपतीनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग घसा साफ करून वाचलं, "आणि तो माणूस वळला."

ओट्यानं श्वास सोडला. बसलिंगाप्पाची नजर मात्र पाटीवर होती. पाटीवर एक चित्र आलं होतं, उसाच्या पानाचं, पानावर ठिपके. आजवर या पुस्तकात एक चित्र नव्हतं.

"गणपा, ह्यात ऊस कसा आला?"

गणपती क्षणभर घुटमळला. "भावाचा हाय."

"भावाचा ऊस?"

"व्हय. ऊस लावतोय त्यो. चित्रं घातल्यात."

"बरं केलंय," बसलिंगाप्पा म्हणाला. "उगा नोकरीबिकरी करत न्हाय, ह्ये बरं केलंय."

बुधवारपासून गोष्टीला विलक्षण वळण लागलं. भावाला बहिणीची ओळख पटेना. तो म्हणाला, माझा ऊस संकटात आहे, आधी तो बघू, मग नातं बघू. उसावर तांबेरा पडला होता. चंद्रा पदर खोचून फडात उतरली. रोज नवं चित्र यायचं, कधी मूळ, कधी कांडी, एकदा तर एक अळी सबंध पानभर, आणि रोज चंद्रा तिच्याशी लढायची. गणपतीचा आवाज पूर्वी कधी इतका रंगला नव्हता. घामही पूर्वी कधी इतका आला नव्हता. बसलिंगाप्पानं त्याला पंख्यानं वारा घातला आणि मनाशी म्हणाला, म्हातारा झाला आता, दम लागतोय.

जोतीराम म्हणून एक ऊसवाला नेहमी यायचा. त्यानं शुक्रवारी हरकत घेतली, "पाण्यात औषध एवढं टाकत न्हाईत."

"पुस्तकात तसंच हाय," गणपती ठामपणे म्हणाला.

जोतीराम उठून जवळ आला, पाटीवर वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग जागेवर जाऊन बसला. "व्हय, तसंच हाय," म्हणाला. "चालू द्या."

रविवारी दुपारी, नव्याण्णवाचा आकडा असताना, ऊस हिरवागार झाला. भावानं पहिली कांडी तोडून बहिणीच्या हातात दिली आणि तिच्या हातावरचं गोंदण बघून त्याला जत्रा आठवली. "ताई," तो म्हणाला. ओट्यावर एक डोळा कोरडा राहिला नाही. निपाणीच्या पाहुण्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं, तेही रडले. शंभराचा आकडा पडला आणि बसलिंगाप्पानं गर्जना केली, "सोळा आणे!" आणि आतून रुद्राणी हुग्गीचं पातेलं घेऊन आली. त्या दिवशी बसलिंगाप्पानं भाषण केलं. म्हणाला, सोळा वर्षांत एवढं खरं पुस्तक ऐकलं नाही. शेतकऱ्याचं दुःख ज्याला कळलं, तोच खरा लिहिणारा. मग त्यानं गणपतीच्या गळ्यात स्वतःच्या हातानं हार घातला. गणपतीनं हार लगेच काढून तानाबाईच्या हातात दिला. ते लोकांना विनयाचं वाटलं.

सोमवारी सकाळी शशिधरचा अमेरिकेतून फोन आला.

"अप्पा, संपलं काय पुस्तक? शेवट कसा वाटला? मला तर रागच आला."

"राग? आरं, बहीण-भाऊ भेटली, राग कसला?"

"भेटली कुठं? फलाटावर हाक मारायला तोंड उघडती आणि समाप्त! त्यो भाऊ होता का कोण होता, लिहिणाऱ्यानं सांगितलंच न्हाय."

बसलिंगाप्पा हसला. "तू अर्धं वाचलंस लेका. तिथं अकरा आणेच होत्यात. फुडं त्यो वळतोय. मग तांबेरा..."

"तांबेरा?" मग शशिधर जो हसायला लागला तो थांबेना. "अप्पा! त्यो तांबेरा मामांच्या उसासाठी हाय! उसाच्या रोगाचं पुस्तक. त्या दुकानदारानं दोन्ही एकाच फायलीत घातली, म्हणून ते बी आकड्यात धरलंय. मी सांगितलं नव्हतं काय तुम्हाला? तुम्ही पाटी तोलत होता."

फोन ठेवल्यावर बसलिंगाप्पा गिरणीत गेला आणि उगीचच छिन्नी घेऊन जात्याच्या दगडाला टाकी लावत बसला. टाकी लावायला अजून आठवडा अवकाश होता. त्याला आधी त्या पाटीचा राग आला. बोटांचं पुस्तक कधी खोटं बोललं नव्हतं. जिथं कागद संपतो तिथं गोष्ट संपते. ही पाटी दुसऱ्याचं वजन गोष्टीच्या तराजूत टाकून आकडा सांगत होती. पिठाच्या धंद्यात याला एकच शब्द होता. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की पाटीनं काही वाचलं नव्हतं. वाचलं होतं गणपतीनं.

चारला लाईट गेली. गणपती डबा घेऊन आला. बसलिंगाप्पा ओट्याच्या कडेला उभा होता.

"या गणपतराव," तो म्हणाला. "बसा तुमी."

पहिली भेट सोडली तर सोळा वर्षांत तो गणपतीला तुमी म्हणाला नव्हता. गणपतीनं डबा खाली ठेवला. त्याला कळलं.

"शशीचा फोन आलता?"

"व्हय. भाऊ वळला न्हाय म्हणं."

ओट्यावरच्या बायका डबे सोडून जवळ सरकल्या.

"न्हाय वळला," गणपती म्हणाला. "अप्पा, समाप्त आलं तवा मी काय करायचं? तुमी ओरडून सांगितलासा, पाच आणे ऱ्हायलंय. पाहुणं बोलावलंत, गहू निवडाय काढलंत. त्या पाच आण्यांत काय भरू मी? उसाचा रोग वाचून दावू?"

"वाचून दावायचा! छापलंय ते छापलंय, असं कोण म्हणालतं?"

"औषधाचं माप छापील हुतं तेवढं," जोतीराम मधेच म्हणाला. "आमच्या घरात हाय की त्ये पुस्तक."

बसलिंगाप्पा गर्रकन वळला. "म्हंजे तुला ठावं हुतं?"

"शुक्रवारी कळलं. पर भाऊ भेटतोय का न्हाय ते बघायचं हुतं ना, अप्पा. मी बोललो असतो तर बंदच पडलं असतं."

"मला बी सांगितलं जोतीरामानं," तानाबाई म्हणाली. "शनवारी. म्हटलं, असूंदे. बिचारीला भाऊ मिळतोय, तुमचं काय जातंय?"

म्हणजे रविवारी हार घालताना जवळजवळ सगळ्या ओट्याला माहीत होतं. खरं मानून रडणारे मोजकेच. बसलिंगाप्पा आणि निपाणीचे पाहुणे. बसलिंगाप्पाला एकदम भाषण आठवलं आणि त्याचे कान तापले. पण त्याहून वाईट गोष्ट मागून आली, अकरा वर्षं मागून.

"त्यो धनगर," तो म्हणाला. आवाज पुन्हा जात्यामागचा झाला. "माझा बाप गेलता. मी तुमच्याकडं एका म्हाताऱ्याचा जीव मागितला. एका गोष्टीतल्या म्हाताऱ्याचा. तवा म्हणालासा, जमत न्हाय. आणि आता हुग्गीसाठी जमलं?"

गणपतीनं डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

"का धनगर पुस्तकात जगलाच हुता, आणि तुमीच मारला?"

"अप्पा!" गणपती उठला. "बापाची आण. त्यो मेलाच हुता. ह्ये एकदाच झालं. पयल्यांदा."

"मला कसं कळायचं?"

छापलेलं आणि बसलिंगाप्पा यांच्यामध्ये सोळा वर्षं एकच माणूस उभा होता.

गणपतीनं प्रयत्न केला नाही असं नाही. तो शाहूपुरीत हिंडून चंद्राच्या कादंबरीची कागदी प्रत शोधून घेऊन आला, बसलिंगाप्पाच्या हातात दिली आणि शेवटचं पान समोर बसून वाचून दाखवलं. बाईनं तोंड उघडलं, समाप्त. बसलिंगाप्पानं उजवीकडं बोट लावलं. काही नव्हतं, नुसता पुठ्ठा. तरी त्यानं मान हलवली. "असं कुठं पुस्तक असतंय? शेवटची पानं फाटल्यात ही. तुमचा शेवट बरा हुता." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन आणखीनच चिडला.

मग गणपती धनगराचं पुस्तक घेऊन आला. ते बसलिंगाप्पानं गणपतीकडून घेतलं, पण वाचायला रुद्राणीला दिलं. रुद्राणीची मराठी शाळा चौथीपर्यंत. तिनं चुलीजवळ बसून शेवटची पानं वाचली. म्हातारा मेला.

"सगळं वाचलंस न्हवं?" बसलिंगाप्पानं विचारलं.

"मधलं दुखण्याचं सोडलं. कशाला वाचायचं असलं?"

"म्हंजे तू बी!"

"मग तुमीच वाचा," रुद्राणी म्हणाली आणि पुस्तक त्याच्या मांडीवर टाकून भाकरी थापायला गेली.

त्यानं स्वतः वाचायला घेतलं. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत. दोन दिवसांत एक पान झालं. त्या पानात धनगर जिवंत होता. पुढचं पान त्यानं उलटलं नाही. मेला असला तर गणपती खरा ठरणार होता, आणि मग खऱ्या माणसानं आपल्याला का फसवलं, हा प्रश्न उरणार होता. जगला असला तर त्याहून वाईट. पुस्तक त्यानं तराजूशेजारच्या फळीवर ठेवलं. त्यावर पीठ बसलं.

पाटी शशिधरच्या मामांकडं, रुद्राणीच्या भावाकडं गेली. त्यांचा तांबेरा मात्र त्या पुस्तकानं बरा झाला, असं ते सांगतात. ओट्यावर बायका चारला डबे ठेवून घरी जायला लागल्या आणि सहाला परत यायला लागल्या.

गणपती महिनाभर दळण घेऊन येत राहिला. बसलिंगाप्पा दळून द्यायचा, तुमी म्हणायचा, पैसे मोजून घ्यायचा. मग गणपतीनं घराजवळ नवीन निघालेल्या गिरणीत दळण टाकायला सुरुवात केली. तिथं किलोमागं पंचवीस पैसे कमी घेतात.